पुठ्ठ्याचा माग

दुपारचे दोन वाजलेले. गल्लीत चिटपाखरू नाही. कूलरमध्ये दुसऱ्यांदा पाणी भरून झालं, खिडकीला ओला पडदा लावून झाला. घरात दोनच आवाज. एक कूलरची घरघर आणि दुसरा माझ्या पाच वर्षांच्या मुलाचा प्रश्न, "अम्मी, आता काय करू?" सकाळपासून हा प्रश्न किती वेळा ऐकला, याचा हिशेब मी सोडून दिला आहे.

२०१८ मध्ये रमजानचा महिना १७ मेपासून सुरू झाला. नागपूरचा मे कसा असतो, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. २०१३ मध्ये याच महिन्यात शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पहाटे चारच्या सुमारास सहेरीची वेळ संपते आणि सूर्य मावळतो सातच्या जरा आधी. म्हणजे पंधरा तासांच्या आसपास पाण्याचा थेंबही नाही. लहान मुलांवर रोजा फर्ज नसतो. त्यामुळे त्यांचं खाणं, खेळणं, भांडणं सगळं नेहमीसारखं जोरात चालू असतं. थकलेली असते ती आई. त्यात आपल्या विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. म्हणजे त्या वर्षीचा अख्खा रमजान सुट्टीत आला.

खरं सांगते, पहिले चार दिवस मी सोपा मार्ग निवडला. जोहरची नमाज झाली की मुलांच्या हातात मोबाइल द्यायचा आणि आपण तासभर आडवं व्हायचं. घर शांत. मला वाटलं, चला, जमलं. चौथ्या रोजाला इफ्तारच्या वेळी सगळे दस्तरखानाभोवती बसलो. अजान झाली, खजूर वाटले गेले, शरबताचे पेले रिकामे झाले. धाकट्याच्या एका हातात खजूर तसाच होता आणि दुसऱ्या हातात मोबाइल. थोड्या वेळाने मान वर करून त्याने विचारलं, "इफ्तार कधी आहे?"

सगळे हसले. मलाही हसू आलं. रात्री मात्र झोप लागेना. ज्या क्षणाची घरातलं प्रत्येक माणूस पंधरा तास वाट पाहतं, तो क्षण माझ्या मुलाच्या शेजारून निघून गेला होता आणि त्याला पत्ताही नव्हता. चूक त्याची नव्हती. मोबाइल मीच दिला होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दुपारी काहीतरी हाताने करायचं ठरवलं. आज वीस रोजे झाले. काय जमलं, काय फसलं, ते इथे लिहिते आहे. रोजा असो वा नसो, सुट्टी आणि ऊन तर सगळ्यांच्याच घरात सारखं आहे.

आधी चार गोष्टी ठरवल्या

पहिली म्हणजे वेळ. आमचा वर्ग जोहरनंतर, तीनच्या सुमारास. पाऊण तास, त्यापेक्षा जास्त नाही. मुलांचं लक्ष तेवढंच टिकतं आणि रोजात माझी ताकदही तेवढीच उरते. इफ्तारच्या आधीचा तास तर अजिबात नको. त्या वेळी एकीकडे भजी तळायची आणि दुसरीकडे कात्रीवर नजर ठेवायची, हे होत नाही.

दुसरी गोष्ट, विकत काही आणायचं नाही. रद्दी, पुठ्ठा, जुने कपडे, दोरा, पीठ. घरात असेल त्यातच भागवायचं. चमकी, थर्माकोल, तयार पाकिटं यांच्या मागे लागलं की मुलं वस्तू बनवत नाहीत, फक्त चिकटवतात.

तिसरी, जे बनेल ते कुणाच्या तरी उपयोगाचं हवं. नुसतं शोभेचं केलं की चार दिवसांनी ते कपाटावर धूळ खातं.

चौथी गोष्ट सगळ्यात अवघड होती. मुलांच्या हातातलं काम आपण ओढून घ्यायचं नाही. वाकडं झालं तर वाकडं. पाच वर्षांच्या मुलाने फाडायचं, चिकटवायचं, रंगवायचं. आठ वर्षांच्या मुलीने बोथट टोकाच्या कात्रीने कापायचं. धारदार काम असेल ते मोठ्यांनी आधीच करून ठेवायचं.

रद्दीची पिशवी

सुरुवात पिशवीने केली, त्यालाही कारण होतं. राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी जाहीर झाली आणि हाती असलेलं प्लास्टिक संपवायला दिलेली तीन महिन्यांची मुदत २३ जूनला संपत होती. फळवाला आधीपासूनच विचारायचा, "ताई, पिशवी आणली का?" रमजानमध्ये फळं तर रोजच लागतात.

आधी खळ करून घ्या. एक चमचा मैदा कपभर पाण्यात गुठळी न होऊ देता कालवा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा. थंड झाली की मुलांना बोटाने लावू द्या, ब्रशची गरज नाही. आता वर्तमानपत्राचं एक पान आडवं ठेवा. उजवी आणि डावी कड मधोमध आणा, एक दुसरीवर बोटभर चढवा आणि चिकटवा. सपाट नळी तयार झाली. खालची बाजू चार बोटं वर दुमडा. ही दुमड उघडून तिचे दोन्ही कोपरे आत दाबले की मोठ्या शंकरपाळ्यासारखा आकार होतो. त्याची वरची आणि खालची टोकं मध्यावर आणून एकमेकांवर चिकटवा. तळाशी पुठ्ठ्याचा एक तुकडा टाका. अर्धा किलो आंबे आरामात मावतात.

दोन सूचना, दोन्ही अनुभवाच्या. खळ रोज ताजी करा. आम्ही वाटीभर उरलेली खळ ओट्यावर तशीच ठेवली आणि सकाळी मुंग्यांची रांग थेट दिवाणखान्यापर्यंत आलेली होती. दुसरी, या पिशवीत खाण्याचा पदार्थ उघडा ठेवू नका. छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असं देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच बजावलं आहे. सालीची फळं चालतील, बाकी सगळं डब्यात घालून डबा पिशवीत ठेवायचा.

आणि हो, पान निवडताना जरा बघून घ्या. आमच्या घरी अल्लाहचं नाव किंवा आयत छापलेला कागद कापायचा नाही, असा दंडक आहे. असे कागद वेगळे जपून ठेवतात. शेजारच्या काकूंकडे देवाचं चित्र असलेल्या कागदाला कात्री लावत नाहीत. त्यामुळे दोन्ही घरच्या मुलांनी एकमताने शेअर बाजाराचं पान निवडलं.

पहिली जमलेली पिशवी काकूंकडे गेली, आत खजुराचा डबा. रमजान सुरू व्हायच्या आदल्याच दिवशी, १६ मेला, त्यांचा अधिक महिनाही लागला होता. पिशवी रिकामी परत आली नाही. आत अनारशांचा डबा होता. जावयाला वाण द्यायचे ३३ अनारसे बाजूला काढून, उरलेले आमच्याकडे. मुलीने विचारलं, "तेहतीसच का?" त्या प्रश्नातून आमचं पुढचं काम निघालं.

तीस चंद्रांचं पान

गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान घ्या आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तीस चौकोन आखा, पाच ओळी आणि सहा रकाने. प्रत्येक चौकोनात रुपयाचं नाणं ठेवून गोल काढा. रोज मुलांनी आकाशात चंद्र बघायचा आणि जेवढा भाग अंधारात असेल तेवढा गोलात पेन्सिलने काळा करायचा. एवढंच. दिवसाला दोन मिनिटांचं काम, पण महिनाभर पुरतं.

आम्ही पाचव्या दिवशी सुरू केलं. आधीचे चौकोन मुलांनी आठवून भरले, कारण पहिल्या दिवशीची नखाएवढी कोर गच्चीवरून सगळ्यांनीच पाहिली होती. ती पश्चिमेला, सूर्य मावळला त्याच्या थोडी वर दिसते आणि लवकरच बुडते. रोज चंद्र थोडा मोठा आणि थोडा वर. पंधरवडा भरत आला तेव्हा एकीकडे सूर्य मावळत होता आणि दुसरीकडे पूर्ण चंद्र उगवत होता. धाकट्याला हे इतकं आवडलं की तो दोन्हीकडे बोट दाखवत गच्चीवर गोल फिरत राहिला.

मग एके संध्याकाळी चंद्र दिसेचना. "चांद गुम झाला," म्हणून त्याचा चेहरा रडवेला. गुम झाला नव्हता, उशिरा उगवायला लागला होता. पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो. त्या दिवसांत तो बघायचा तर सहेरीच्या वेळी बघावा लागतो. तेव्हापासून आमची मुलगी पहाटे हाक न मारता उठते, गच्चीवर जाऊन चंद्र बघते आणि येऊन चौकोन भरते.

काकूंच्या नातवाने असंच पान त्यांच्याकडे केलं. त्याने पहिल्या पंधरा चौकोनांवर शुक्ल पक्ष लिहिलं, पुढच्यांवर कृष्ण पक्ष. दोन पानं शेजारी ठेवली तर चंद्र अगदी सारखे. मग मुलांना समजावलं की चंद्राच्या बारा महिन्यांचं वर्ष ३५४ दिवसांचं भरतं, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. पंचांगात ही तूट भरून काढायला साधारण ३३ महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात, तोच अधिक मास. म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडाशीच राहते. आमच्या हिजरी वर्षात महिना जास्तीचा धरत नाहीत. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून परत येतो.

मुलीने बोटांवर हिशेब केला. सगळे ऋतू फिरून रमजान पुन्हा साधारण याच तारखांना येईल तेव्हा तिचा भाऊ अडतीस वर्षांचा असेल. "मग तोच पिशव्या करेल," असं तिने जाहीर करून टाकलं.

पळसाला पानं तीनच

ही म्हण मराठी माणसाला माहीत असते, पण पळसाचं पान हातात घेतलेली शहरातली मुलं कमीच. होळीच्या सुमारास केशरी फुलांनी पेटलेला पळस उन्हाळ्यात नव्या पानांनी भरतो. जाड, रुंद, तळहाताहून मोठी पानं. आपल्या विदर्भात पिढ्यान् पिढ्या लग्नाच्या पंगती याच पानांच्या पत्रावळींवर उठल्या. पुढे तिथे थर्माकोल आणि चकचकीत कागद आला.

द्रोण कसा लावायचा हे मला येत नव्हतं. काकूंना येत होतं. त्यांचं माहेर उमरेडकडचं. लहानपणी लग्नघरी त्या आईजवळ बसून पत्रावळी लावायच्या. रविवारी मुलांचे अब्बू सकाळी लवकर शहराबाहेर जाऊन पिशवीभर पानं घेऊन आले. तीन वाजता काकू आमच्या पडवीत मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "पाहा बरं आता, मी एकदाच दाखवणार." नंतर दहादा दाखवलं.

पानं ओल्या फडक्याने पुसून घ्या. दोन पानं अशी ठेवा की एक दुसऱ्यावर अर्धं चढेल. टाचायला कडुनिंबाची काडी, म्हणजे पानं ओरबाडून घेतल्यावर उरणारा बारीक देठ. काडी पानातून खाली घालायची, लगेच वर काढायची आणि उरलेली मोडून टाकायची. शिवणातला टाका असतो तसाच टाका. दोन पानं जोडली गेली की कडा चार ठिकाणी चिमटीत धरून दुमडायच्या आणि प्रत्येक दुमडीला एक टाका. झाला द्रोण. वाळायला ठेवताना आत वाटी ठेवली तर आकार टिकतो.

मुलांचे पहिले द्रोण गळके झाले. त्यात शरबत ओतायची घाई केल्यामुळे दस्तरखानही धुवावा लागला. पण कलिंगडाच्या फोडी आणि उकडलेले चणे त्यात उत्तम राहतात. त्या संध्याकाळी इफ्तारला प्रत्येकापुढे एक हिरवा द्रोण होता. धाकटा वाढत होता आणि सांगत होता, हा मी लावला, हा पण मी लावला. अजान कधी होते याकडे त्याचे कान लागलेले होते.

काड्यापेटीतला पूल

हे जरा मोठ्या मुलांचं काम, सात-आठ वर्षांपासून पुढे. ही कल्पना माझी नाही, अरविंद गुप्ता यांची. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले हे अभियंते पुण्यात ट्रकच्या कारखान्यात नोकरीला होते. तिथून ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी जोडले गेले आणि खेड्यातल्या बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करू लागले. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. कचऱ्यातून केलेल्या त्यांच्या खेळण्यांनी किती शाळा आणि किती घरं गाठली, याची गणती नाही. २०१८ च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

त्यांच्या सुरुवातीच्या खेळण्यांपैकी एक काड्यापेटीच्या काड्यांचं आहे. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्हला लागणारी बारीक रबरी नळी मिळते. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. काड्या वापरून झालेल्याच घ्या आणि जळकं टोक मोडून टाका. मुलांच्या हाती गूल असलेली काडी देऊ नका. एका तुकड्याच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी घातली की सांधा तयार होतो. तीन काड्या आणि तीन सांधे म्हणजे त्रिकोण. चार आणि चार म्हणजे चौकोन.

आता मुलांना दोन्ही आकार बोटांनी दाबायला सांगा. चौकोन लगेच कलतो, पतंगासारखा होतो. त्रिकोण हलत नाही. का हलत नाही, हे सांगण्याची घाई करू नका. आमच्या मुलीने चौकोनाला मधून तिरकी काडी लावून पाहिली. ती काडी लांबीला कमी पडली, म्हणून खराट्याची काडी मोडून लावली. चौकोन ताठ उभा राहिला. मग तिलाच दिसलं की त्यात आता दोन त्रिकोण आहेत. त्या संध्याकाळी रेल्वेच्या लोखंडी पुलाजवळून जाताना स्कूटरवर मागे बसून ती ओरडली, "अब्बू, तिरक्या काड्या!"

पुठ्ठ्याचा माग

आता शेवटचं काम. यात मला शिकवायचं होतं मुलांना, पण शिकले मीच.

वहीएवढा जाड पुठ्ठा घ्या. वरच्या आणि खालच्या कडेला बोटाच्या अंतरावर छोट्या खाचा पाडा, दोन्हीकडे सारख्या. पक्का दोरा पहिल्या खाचेत अडकवून खाली न्या, खालच्या खाचेतून वळवून पुन्हा वर. असं पुठ्ठाभर दोरे उभे ताणले की झाला ताणा. मग जुन्या ओढणीच्या किंवा साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडा. पट्टी एका दोऱ्यावरून आणि पुढच्याखालून, अशी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. तो बाणा. परत येताना आधी वरून गेलो तिथे खालून यायचं. दोन-चार ओळी झाल्या की काट्याने खाली ठोकून बसवायच्या.

एक इशारा देते. पट्ट्या कोणत्या कपड्याच्या फाडायच्या, हे मुलांवर सोडू नका. ईदसाठी इस्त्री करून ठेवलेल्या माझ्या ओढणीला कडेने वीतभर कात्री लागली आहे.

मुलगी विणत होती. विणकाम मधे बारीक होत चाललेलं, डमरूसारखं. ती चिडून उलगडणार, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "ताना ढीला है, बेटा."

माझे सासरे. पंचाहत्तरी ओलांडलेले. दुपारी ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात, बोलणं मोजकं. ते उठून खाली बसले. पुठ्ठा मागितला. सगळे दोरे सोडले आणि पुन्हा ताणले, प्रत्येक दोरा बोटाने वाजवून पाहत. मग पट्टी घातली. ती सरळ ओढली नाही, कमानीसारखी तिरपी सैल ठेवली आणि मग काट्याने खाली दाबली. "ओढलं तर कड आत येते," ते म्हणाले. "बाण्याला जागा द्यायची." तिसऱ्या ओळीला कडा सरळ झाल्या.

मुलगी त्यांच्या हातांकडे बघत राहिली. तिने विचारलं, "दादाअब्बा, तुम्हाला हे कसं येतं?"

माझ्या मुलांना त्यांचे आजोबा विणकर होते हे ठाऊकच नव्हतं. मोमीनपुऱ्यात आणि तिकडे कामठीत एकेकाळी घराघरांतून हातमागाचा खटखटाट ऐकू यायचा. उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर या गल्ल्यांत आणि कोष्टी विणकर तिकडे महालाच्या बाजूला. याच शहरात १ जानेवारी १८७७ रोजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित केलं, तोच हा दिवस, आणि म्हणून गिरणीला तिचं नाव. गिरणीच्या कापडाशी हातमाग पुरा पडणं कठीणच होतं, तरी तो त्यानंतरही कित्येक दशकं टिकून राहिला. आमच्या घरचा माग विकला गेला तो माझ्या लग्नाच्याही आधी.

त्या दुपारी अब्बा बोलत राहिले. मुलीएवढे असताना ते कांड्या भरायचे, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळीवर सूत गुंडाळायचं काम. "तेव्हा तो खेळ नव्हता," ते म्हणाले. "कांड्या भरल्या नाहीत तर माग थांबायचा. माग थांबला तर चूल." शाळा चौथीपर्यंतच. नागपूर-भंडाऱ्याकडच्या टसरच्या करवतकाठी साड्यांचाही विषय निघाला. करवतीच्या दातांसारखी ती काठ विणताना दोन रंगांचे दोरे एकमेकांत कसे अडकवायचे, हे त्यांनी दोन बोटं एकमेकांत गुंतवून दाखवलं.

"मग अब्बूंना का नाही शिकवलं?" मुलीने विचारलं.

"त्याची यातून सुटका व्हावी म्हणूनच तर त्याला शाळेत घातलं."

हे वाक्य माझ्या मनात तेव्हापासून आहे. ज्या कामातून मुलाला सोडवायला एका माणसाने आयुष्य घातलं, त्या कामाचं मी सुट्टीतलं खेळणं करून ठेवलं होतं. क्षणभर ओशाळल्यासारखं झालं. पण अब्बांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. माग सुटावा असं त्यांना वाटत होतं, पण हात सुटावेत असं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला त्या दुपारी कळलं. चुलीची काळजी नसताना, शाळा न बुडवता, तेच काम नातीच्या हातात आलं तर त्यात त्यांना आनंदच होता.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असं एखादं माणूस असतं. कुणाची आजी गोधडी शिवायची, कुणाचे मामा सुतारकाम करायचे, कुणाची आई द्रोण लावायची. दुपारच्या वेळी ते माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेलं असतं, कारण त्याला येतं ते आता कुणाला लागत नाही असं त्याला वाटतं. मुलांना काय करायला द्यायचं हे सुचत नसेल, तर आधी त्यांना विचारा. नव्या कल्पना शोधण्याआधी घरातले जुने हात शोधले तर निम्मं काम होतं.

बाकी, हे सगळं रोज जमतं असं मुळीच नाही. परवा ऊन इतकं होतं की मीच सांगितलं, आज फक्त झोपायचं. काल दोघांमध्ये काट्यावरून भांडण झालं आणि काटा जप्त झाला. मोबाइल घरातून गेलेला नाही. पण तीन वाजले की आता "काय करू?" असं कुणी विचारत नाही. "पट्ट्या कुठे आहेत?" असं विचारतात.

ईद दहा-अकरा दिवसांवर आली आहे. काकूंसाठी शीरखुर्म्याच्या वाटीखाली ठेवायची विणलेली चौकट पूर्ण झाली आहे. एक कड अजून वाकडी आहे, ती तशीच ठेवली. मुलीला आता आजोबांच्या जानमाजएवढं विणायचं आहे. आज सकाळी सामान आणायला निघाले, तर अब्बांनी हाक मारली. इतवारीत जाणारच आहेस तर एक मोठा पुठ्ठा घेऊन ये, म्हणाले. फ्रिजच्या खोक्याचा असला तर बरा.

"हा छोटा पडतो."